चार तारांच्या भानगडी

दार जरा लोटून घ्या. विषय नाजूक आहे, आणि बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या घरी याचा सुगावा लागला तर दोन-चार संसारांत खडाजंगी ठरलेली. मी याच धंद्यातला. लग्नाचं संगीत, कंपन्यांचे वार्षिक मेळावे, शनिवार रात्रीचे पब, कॉलेजांचे महोत्सव, गणपतीतले वाद्यवृंद, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन बेस वाजवायचा. तेव्हा पुढे सांगणार आहे ते ऐकीव नाही, विंगेतलं आहे.

तर बातमी अशी, की आमची बेसवाल्यांची जमात बिघडली आहे. दारूने नव्हे, दारूला पैसे उरलेत कुठे? सामानाने बिघडली आहे. ‘गिअर’ म्हणतात त्याला. वरवर पाहता इतकी निरुपद्रवी माणसं शोधून सापडणार नाहीत. स्टेजवर ड्रमरच्या बाजूला, दिवा पोहोचत नाही अशा कोपऱ्यात उभी असतात. कार्यक्रम संपला की पाहुण्यांना गायिकेसोबत फोटो हवा असतो, आणि तो काढायला ते फोन आमच्या हातात देतात. पण असल्या गरीब चेहऱ्याच्या माणसाच्या कपाटामागे, पलंगाखाली आणि सासुरवाडीच्या माळ्यावर काय काय दडवलेलं असतं ते ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. नवा बेस घ्यायचा तो नेहमी जुन्याच रंगाचा, ही आमच्यातली पहिली शिकवण. एका वेळी एकच बाहेर काढायचा. घरच्यांना रंग लक्षात राहतो, संख्या नाही.

या सगळ्याचा मूळ पुरुष मात्र अगदी सज्जन. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा लिओ फेंडर. धंदा रेडिओ दुरुस्तीचा, आणि गंमत म्हणजे स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळी बेस म्हणजे माणसाहून उंच डबल बेस. गाडीत मावेना, ड्रम आणि ट्रम्पेटच्या गदारोळात ऐकू येईना, आणि पट्टीवर पडदे नसल्यामुळे बोट तसूभर सरकलं की सूर भलतीकडे. लिओने १९५१ साली तिन्ही दुखणी एकदम बरी केली. गळ्यात अडकवता येईल एवढं वाद्य, चार तारा, तारांची वाजती लांबी ३४ इंच, आवाज अँपकडे धाडणारा पिकअप, आणि बोटाला भरकटू न देणारे पडदे. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नावच ठेवलं ‘प्रिसिजन’. १९६० मध्ये पाठचं भावंड आलं, ‘जॅझ बेस’. आपल्याकडे पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ, पुढे रहमानच्या गाण्यांत कीथ पीटर्स यांनी बेस गिटारवर काय करून दाखवलंय, ते ज्याला खालचा सूर ऐकायची सवय आहे त्याला सांगायला नको.

खरं तर प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. एका भल्या माणसाने अडचणी दूर केल्या. आपण वाजवावं, पाकीट घ्यावं, घरी यावं. पण छे! लिओने सोडवलेली एकेक अडचण आम्ही रोख पैसे मोजून पुन्हा घरी आणतो आहोत. सगळा घोटाळा तो हाच. आता एकेक भानगड ऐका.

पहिली पडद्यांची. ज्या साली प्रिसिजन बाजारात आला त्याच साली जेको पास्टोरिअस जन्माला आला. हा पोरगा फ्लोरिडात वाढला, आणि मोठा झाल्यावर त्याने काय करावं? १९६२ च्या जॅझ बेसचे सगळे पडदे उपटून काढले, खाचा बुजवल्या आणि वरून होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा लेप चढवला. १९७६ साली त्याची पहिली तबकडी निघाली आणि जगभरच्या बेसवाल्यांची झोप उडाली. बरं, त्याचे कान तसे होते, त्याला शोभलं. आमचं काय? पडदे नसलेले, म्हणजे फ्रेटलेस बेस आता कारखान्यातूनच तयार मिळतात. त्यावर कळस असा की बोट कुठे टेकवायचं ते उमगेना, म्हणून जिथे पडदे असायला हवेत तिथे बारीक रेघा आखलेलं मॉडेलही मिळतं. पडदे नकोत म्हणून पैसे मोजायचे आणि पडद्यांच्या जागा दाखवणाऱ्या रेघाही घ्यायच्या! अब्रह्मण्यम्! आणि हे घेऊन गडी जातो कुठे, तर करवल्यांच्या नाचाला साथ करायला.

दुसरी भानगड तारांची. ही थेट स्वयंपाकघरात शिरलेली आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन नावाचा महापुरुष होऊन गेला. साठच्या दशकातली त्यांची कितीतरी गाजलेली गाणी त्याने वाजवली, तीही उजव्या हाताच्या एका बोटाने. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही, हा त्याचा बाणा. सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा, त्यांवर वर्षानुवर्षांचा घाम. आवाज कसा, तर जाड, दबका, क्षणात विझणारा. आता आमच्यातला एक पंथ हाच आवाज हवा म्हणून महागड्या कोऱ्या तारा आणतो आणि त्या कधी जुन्या होतील याची वाट बघत बसतो. वाजवण्याआधी हात धुवायचे नाहीत, असा या पंथात दंडक आहे.

दुसरा पंथ बरोब्बर उलटा. त्यांना घंटेसारखी खणखणीत राउंडवाउंड तार हवी. पण तिच्या वेटोळ्यांच्या फटींत घाम, तेल, मृत कातडी साचते, वरचे स्वरांश दबतात आणि खणखणाट काही आठवड्यांत संपतो. नव्या संचाची किंमत ऐकून घाम फुटतो, आणि तो घाम पुन्हा तारांनाच लागतो. मग काय करायचं? तारा उकळायच्या. हो, पातेल्यात! घरात कोणी नसताना गॅसवर पाणी चढवायचं, तारांची गुंडाळी सोडायची, मळ वर आला की काढून कोरड्या पुसायच्या. शास्त्र खरं आहे: चिकटा निघतो आणि चमक परत येते, फक्त ती चार दिवसच टिकते. त्यानंतर त्याच पातेल्यात चहा उकळला गेला का, हे विचारायला आपण कोण? पण बेसवाल्याच्या घरी चहाला बोलावलं तर आधी सरबत मागून पाहा.

आता तिसरी. ही सांगताना माझीही जीभ अडखळते. फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ साली ‘रेलिक’ नावाचा प्रकार काढला. म्हणजे काय? कोरं करकरीत वाद्य घ्यायचं आणि कारागिरांनी बसून त्याला पोचे पाडायचे, रंग खरवडायचा, धातूला गंज चढवायचा, कोपर टेकतं तिथलं लाकूड उघडं पाडायचं. पन्नास वर्षं पबमध्ये झिजल्यासारखं दिसायला हवं. आणि हे फुटकं ध्यान कोऱ्याहून महाग! आमच्या आया भांड्याला पोचा पडला तर दुकानदाराशी भांडून पाच रुपये कमी करून घ्यायच्या; इथे पोच्याचे जादा मोजतात. बरं, स्वतः वाजवून झिजवावं, तर तेही नाही. झीज विकत मिळते तर वाजवायचं कशाला?

चौथी भानगड लाकडाची, आणि तिचा धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. बेसच्या पट्टीला रोझवुड लागतं; त्यातलं पुष्कळसं भारतातलं, म्हणजे आपलं शिसव. ज्या लाकडाचा आजीचा देव्हारा, त्याच लाकडावर परदेशी बोटं नाचतात. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या कुळावर संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींसाठीच्या साइट्स करारानुसार आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. वाद्यं परवान्यांच्या कागदांत अडकली आणि फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच मॉडेलांवर पाऊ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकी लाकूड बसवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण मधल्या जवळजवळ तीन वर्षांत आमच्यातल्या भल्याभल्यांनी शिसव गेलं म्हणून सुतक पाळलं. डोळे बांधून ऐकवलं तर पाऊ फेरो कुठलं आणि शिसव कुठलं हे किती जणांना सांगता येईल, हा प्रश्न आमच्या बैठकीत विचारायची पद्धत नाही. विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

पाचवी भानगड वजनाची. लिओने डबल बेसचं ओझं उतरवलं ना? मग १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी नावाचा अँप काढला: ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, स्पीकर सोडून एकट्या अँपचं वजन चाळीस किलोंच्या आतबाहेर. त्याखाली दहा-दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट, त्याला सगळे ‘फ्रिज’ म्हणतात. रोलिंग स्टोन्सच्या त्या सालच्या अमेरिका दौऱ्यावर तो गेला. त्यांच्याकडे उचलायला माणसं होती. आपल्याकडे दुसऱ्या मजल्यावरचा पब, लिफ्ट ‘फक्त ग्राहकांसाठी’, आणि टेम्पोवाला गेटवरच टाकून गेलेला. तरी फोटोत मागे फ्रिज दिसला पाहिजे, ही हौस! आज क्लास-डी जातीचा अँप दोन-अडीच किलोंत पाचशे वॉट देतो, शबनममध्ये मावतो. मग त्यात म्हणे जुन्याचा ‘जडपणा’ नाही. नसणारच. जडपणा पाठीला जाणवतो, कानाला नाही.

सहावी, पाचव्या तारेची. चार तारांत खालचा सूर ४१ हर्ट्झवर थांबतो. तेवढ्याने भागेना, म्हणून खाली आणखी एक तार आली. ती उतरते ३१ हर्ट्झपर्यंत. काही खटल्यांत सहावीही निघते. आता सांगायचं नाही म्हणून सांगतो: बऱ्याच अँपचे स्पीकर चौथ्या तारेचा तळसुद्धा नीट वाजवत नाहीत. तुमच्या मोबाईलच्या स्पीकरमधून तर ४१ हर्ट्झ येतच नाही. वरचे स्वरांश ऐकून खालचा सूर मेंदू स्वतः जोडून घेतो. म्हणजे ज्या तळासाठी आम्ही कर्ज काढतो, तो अर्ध्या वेळी श्रोत्याचा मेंदूच फुकटात वाजवत असतो!

पेडलांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय काढला की माणूस पहाटेपर्यंत उठत नाही. कंप्रेसर, ऑक्टेव्ह, फिल्टर, डिस्टॉर्शन, प्रीअँप, ट्यूनर. त्यातला ट्यूनर रोज लागतो. बाकीचे पायाखाली लुकलुकतात, आणि सेटमध्ये एका गाण्यात आठ मात्रांपुरता एखादा दाबला जातो; तेवढ्यात ड्रमर वळून बघतो, की काही बिघडलं का?

हे सामान एवढं जिवापाड का, याचं उत्तर चोरीच्या कथांत सापडतं. जेकोचा तो बिनपडद्याचा बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला. पुढच्याच वर्षी तो वारला. बेस वीसेक वर्षांनी उगवला आणि ‘मेटॅलिका’च्या रॉबर्ट ट्रुहियोने पदरमोड करून तो जेकोच्या घरच्यांच्या हाती परत जाईल असं पाहिलं. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बर्गमध्ये सुमारे तीस पौंडांत घेतलेला हॉफनर १९७२ साली लंडनमध्ये गाडीतून पळवला गेला. त्याचा शोध लागल्याची बातमी २०२४ साली आली. इंग्लंडमधल्याच एका घराच्या माळ्यावर तो पडून होता. माळ्यावर! म्हणजे आमच्या मंडळींची दडवायची जागा जागतिक दर्जाची आहे. जेमर्सनचा प्रिसिजन मात्र १९८३ साली, त्याच्या अखेरच्या दिवसांत गेला, तो गेलाच. या तिघांची वाद्यं अनमोल झाली ती वाजवली म्हणून. आमची जमात उलटा हिशेब मांडते: अनमोल वाद्य आधी घेऊ, वाजवणं मागाहून येईलच. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मुंबईची मोहिनी डे वडिलांकडून लहानपणीच बेस शिकली आणि झाकीर हुसेन, रहमान यांच्यासोबत वाजवत जगभर पोहोचली. तिचे व्हिडिओ पाहून आमच्याकडे पहिला प्रश्न निघतो, “अँप कुठला गं तिचा?” तिच्या बोटांची चौकशी कोणी करत नाही, बोटांवर हप्ते मिळत नाहीत ना.

आता शेवटचं आणि सर्वांत झोंबणारं: गिगला, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमाला, यातलं काय पोहोचतं? संध्याकाळी पाच वाजता साऊंड चेक. तुम्ही शिसवाची पट्टी, जुनाट तारा, फ्रिज, पेडलांची दिवाळी मांडून उभे. साऊंडवाला येतो, मुठीएवढा डीआय बॉक्स, म्हणजे आवाज थेट मिक्सरकडे धाडणारा डबा, काढतो, तुमची केबल थेट त्यात खुपसतो आणि म्हणतो, “अँप कमी करा दादा, लाइन मिळाली.” संपलं! श्रोत्यांना ऐकू येतं ते त्याच्या मिक्सरमधून. तो तुमचे वरचे स्वर छाटतो, मधला भाग गायिकेसाठी मोकळा करतो, आणि उरलेलं सबवूफरकडे ढकलतो.

त्यात भौतिकशास्त्रही आमच्या विरोधात. चौथ्या तारेच्या तळाची एक ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब. पबचं स्टेज तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. खालचे सूर भिंतींवर आपटून कोपऱ्यांत साचतात आणि मधेच एखाद्या टेबलाशी गायब होतात. स्वतःच्या जागेवरून दोन पावलं डावीकडे सरकलात तर आवाजात जो फरक पडतो, तेवढा नव्या पिकअपने पडत नाही. ही दोन पावलं फुकट आहेत, म्हणूनच बहुधा ती कोणी टाकत नाही.

आणि खरे शत्रू भलतेच असतात. लॉनवरच्या लग्नात जनरेटरला अर्थिंग नसतं; तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो, आणि बाकी वेळ स्पीकर घूं घूं करतो. अॅक्टिव्ह बेसच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते. केबल जॅकमध्ये राहिली की ती वाजवलं नाही तरी झिजते, आणि नेमकी वधूवरांच्या प्रवेशाला मान टाकते. तेव्हा ना शिसव कामाला येतं ना गंजवलेले खिळे. कामाला येते पाकिटातली सुटी बॅटरी आणि पिशवीतली जादा केबल. मी तीन दशकं जुना पातळ पट्टीचा बेस घेऊन येणारे ऑर्केस्ट्रावाले काका पाहिले आहेत. लावणी, कोळीगीत, ‘पुढचं गाणं अर्धा सूर खाली’, काहीही सांगा, गडी ढळत नाही. सीझनभर त्यांना उसंत नसते. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण त्यांनी कधी वापरली नाही, कारण त्यांना नाचता येतं.

आणि आता सगळ्यांत मोठं लफडं, नव्हे, लाज. या संपूर्ण खरेदीत एक वस्तू कोणी घेत नाही: कानातले प्लग. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. ड्रमरच्या झांजेशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा एक सेट याहून लांब असतो. आवाजातल्या केसाएवढ्या फरकासाठी लाखभर घालवणारे लोक तो फरक ऐकणारे कान मात्र रोज रात्री फुकट उधळतात. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण कानालाही नसतं, आणि तो पुन्हा मिळत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात बेस गिटार आहे त्या समस्त आईबाबांना, वहिनींना आणि दादांना कळकळीची विनंती. पोरगं किंवा पोरगी दुसरा बेस मागायला आली तर तांडव करू नका, लाकूड आणि हर्ट्झचं कीर्तनही ऐकून घेऊ नका. तीनच प्रश्न विचारा. कानातले प्लग आहेत का? पिशवीत जादा केबल आणि बॅटरी आहे का? आणि आहे त्या बेसवर, मेट्रोनोम लावून, एक अख्खं गाणं न घसरता वाजतं का? तिन्हींना ‘हो’ आलं तर खुशाल पैसे द्या. ते लेकरू बिघडलेलं नाही, धंद्याला लागलं आहे.